खांद्याचे हाड आणि कष्टकऱ्याचा हात

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक म्हणून आणि मुंबई-आग्रा महामार्गावरील गाव म्हणून खानदेशात परिचित आहे. सुरत ते अमळनेर हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला, त्यामुळे या पट्ट्यातील कापसाला बाहेरची बाजारपेठ जवळ आली. पुढे नरडाणा येथे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. शेती, वाहतूक आणि कारखाना या तिन्ही क्षेत्रांतील श्रम येथे एकत्र आलेले दिसतात. कापसाची गाठोडी, धान्याची पोती, खतांच्या गोण्या, मालमोटारीतील खोकी, फवारणीचे पंप या साऱ्यांचा भार अखेरीस माणसाच्या खांद्यावर येतो. सरकीपासून वेगळ्या केलेल्या रुईची दाबून बांधलेली एक गाठ सुमारे १७० किलो वजनाची असते. ती हलविण्यासाठी यंत्रे असली तरी तिच्या आधीचा आणि नंतरचा कितीतरी भार आजही माणसेच उचलतात.

अशा गावात चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या श्रमिकाची खांदेदुखी हा केवळ वैद्यकीय विषय राहत नाही. हात वर जाईनासा झाला की रोजगार बुडतो, आणि रोजगार बुडाला की घराचे गणित बिघडते. त्यातच क्ष-किरण तपासणीच्या अहवालात ‘खांद्याचे हाड आकड्यासारखे वळलेले आहे’ असा उल्लेख आला, तर रुग्णाला ते आपले विधिलिखितच वाटू लागते. हाड जन्मतःच वाकडे, म्हणून स्नायू फाटला. तेव्हा ते हाड तासून घेण्यावाचून गत्यंतर नाही, अशी समजूत होते आणि शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढण्याची तयारी सुरू होते. ही समजूत कितपत खरी आहे? गेल्या पन्नास वर्षांत शास्त्राने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले आहे, ते गावातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

खांद्याची रचना

खांदा हा शाळेच्या पुस्तकात सांगितलेला उखळीचा सांधा होय. परंतु ही उखळ फार उथळ आहे. मांडीच्या सांध्यात हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्यात मात्र दंडाच्या हाडाचा गोळा जणू लहानशा बशीला टेकलेला असतो. या उथळपणामुळेच हात वर, खाली, पुढे, मागे असा सर्व दिशांना फिरू शकतो. मात्र या स्वातंत्र्याची किंमतही द्यावी लागते. गोळा बशीवरून घसरू नये म्हणून त्याला सतत आवळून धरावे लागते.

हे काम चार स्नायू करतात. पाठीवरच्या फऱ्यापासून निघून त्यांच्या चिवट दोऱ्या, म्हणजेच कंडरा, दंडाच्या गोळ्याभोवती एखाद्या गवसणीसारख्या चिकटलेल्या असतात. या गवसणीला वैद्यकात ‘रोटेटर कफ’ असे नाव आहे. यांतील सर्वांत वरची कंडरा सुप्रास्पायनेटस या स्नायूची. फाटण्याचे प्रमाण तिच्यातच सर्वाधिक आढळते.

या कंडरेच्या बरोबर वर हाडाचे एक छप्पर असते. फऱ्याचा वरचा कंगोरा बाहेरच्या बाजूला वाढत जाऊन खांद्याच्या टोकाशी एक चपटा भाग तयार होतो. त्याला अंसकूट म्हणतात. खांद्याच्या माथ्यावर बोटाने दाबले असता जे टणक टोक लागते तेच हे हाड. अंसकूट आणि दंडाचा गोळा यांच्यामध्ये निरोगी माणसात साधारणतः ७ ते १४ मिलिमीटर एवढीच जागा असते. एवढ्या फटीतून कंडरा आणि तिच्यावरची वंगणाची पातळ पिशवी यांना आयुष्यभर सरकावे लागते.

खांद्याचे महत्त्व आपल्याकडील प्राचीन वैद्यांनाही ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत शरीरातील १०७ मर्मांमध्ये अंस आणि अंसफलक या दोन्हींचा समावेश आहे, तसेच हाताची हालचाल खुंटविणाऱ्या अवबाहुक या विकाराचेही वर्णन आहे.

छपराचा दोष की दोरीची झीज?

कंडरा फाटल्याचे वर्णन इंग्लंडमध्ये १८३४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पुढे अमेरिकेतील बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये खांद्यावरील आपल्या ग्रंथात असे मत मांडले की, ही फाटण्याची क्रिया कंडरेच्या आतूनच, तिच्या स्वतःच्या झिजेतून सुरू होते. याउलट १९७२ मध्ये चार्ल्स नीअर या अमेरिकी शल्यविशारदांनी दोष छपराकडे दिला. हात वर नेताना कंडरा अंसकूटाच्या पुढच्या कडेवर घासते, वर्षानुवर्षे घासून ती झिजते आणि शेवटी फाटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही कड तासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रियाही त्यांनीच रूढ केली.

नीअर यांच्या विचाराला १९८६ मध्ये बळ मिळाले. लुई बिग्लियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ मृतदेहांतील १४० खांदे तपासून अंसकूटाचे तीन प्रकार ठरविले. पहिला सपाट, दुसरा कमानदार आणि तिसरा पुढच्या टोकाला आकड्यासारखा वळलेला. त्यांच्या पाहणीत सपाट सुमारे १७ टक्के, कमानदार ४३ टक्के आणि आकडेदार ३९ टक्के आढळले. पूर्णपणे फाटलेल्या कंडरांपैकी सुमारे ७० टक्के आकडेदार हाडाखाली होत्या. हा संबंध इतका ठळक होता की जगभरच्या रुग्णालयांत ‘तिसरा प्रकार’ हे शब्द निदानाचाच भाग बनले.

तथापि पुढील संशोधनाने या सरळ चित्रात अनेक गुंतागुंती दाखविल्या. पहिली गोष्ट म्हणजे एकाच चित्रावरून दोन तज्ज्ञ अंसकूटाचा प्रकार निरनिराळा सांगू शकतात, कारण कमान कोठे संपते आणि आकडा कोठे सुरू होतो याची सीमा स्पष्ट नाही. नळी थोडी तिरपी धरली तरी आकार बदललेला दिसतो. दुसरी गोष्ट, १९९६ मध्ये ४२० फऱ्यांच्या हाडांचा अभ्यास झाला, तेव्हा हाडाचा मूळ आकार वयानुसार बदलत नाही, पण त्याच्या टोकाशी येणारी हाडाची वाढ मात्र वयाबरोबर वाढते, असे दिसून आले. म्हणजे चित्रात दिसणारे टोक काही वेळा जन्मजात नसून दीर्घकाळच्या ताणाचा परिणाम असते. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. कंडरेचे अर्धवट फाटणे अनेकदा तिच्या वरच्या, छपराकडील बाजूला नसून खालच्या, सांध्याकडील बाजूला सुरू होते. छपरावर घासूनच सर्व कंडरा फाटत असत्या, तर चीर वरच्या बाजूला पडली असती.

भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांनी केलेल्या हाडांच्या पाहण्यांमध्ये कमानदार प्रकार सर्वाधिक आढळतो. आकडेदार हाड असलेली कितीतरी माणसे जन्मभर विनातक्रार राबतात, आणि सपाट हाड असलेल्यांच्या कंडराही फाटतात.

आकारापेक्षा पसारा महत्त्वाचा

याचा अर्थ हाडाच्या ठेवणीचा काहीच संबंध नाही असा नव्हे. अलीकडे संशोधकांचे लक्ष वळणावरून छपराच्या पसाऱ्याकडे, म्हणजे अंसकूट बाहेरच्या बाजूला किती पुढे आले आहे याकडे वळले आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील संशोधकांनी २०१३ मध्ये क्ष-किरण चित्रावर मोजता येणारा एक कोन सुचविला. बशीच्या वरच्या व खालच्या कडांना जोडणारी एक रेषा आणि बशीच्या खालच्या कडेपासून अंसकूटाच्या सर्वांत बाहेरच्या टोकापर्यंतची दुसरी रेषा, या दोहोंमधील हा कोन होय. निरोगी खांद्यांत तो सरासरी ३३ अंश, कंडरा फाटलेल्यांत सुमारे ३८ अंश, तर सांध्याची झीज झालेल्यांत सुमारे २८ अंश आढळला.

यामागील यंत्रशास्त्र समजण्यास कठीण नाही. हात बाजूने वर उचलणारा डेल्टॉइड हा मोठा स्नायू अंसकूटाच्या कडेपासून निघून दंडावर उतरतो. छप्पर जितके बाहेर, तितकी या स्नायूची ओढ सरळ वरच्या दिशेने होते आणि दंडाचा गोळा बशीवरून वर सरकू पाहतो. त्याला खाली व आत धरून ठेवण्याचे काम सुप्रास्पायनेटसला अधिक जोराने करावे लागते. छप्पर आखूड असेल तर ओढ आतल्या दिशेने होते. कंडरा वाचते, पण सांध्याच्या पृष्ठभागावर दाब वाढतो. म्हणजे दोष घासण्यापेक्षा जादा श्रमाचा अधिक आहे.

तरफेच्या नियमाने पाहिले तर हा भार केवढा असतो हे ध्यानात येते. ताठ पसरलेल्या हातात एक किलो वजन धरले, तर ते खांद्याच्या मध्यापासून सुमारे साठ सेंटिमीटर दूर असते. स्नायूची ओढ मात्र त्या मध्यापासून अवघ्या तीनेक सेंटिमीटरवर लागते. ढोबळमानाने एका किलोसाठी वीस किलोंची ओढ लावावी लागते. तेच वजन कोपर वाकवून अंगाजवळ धरले की ही ओढ कितीतरी कमी होते. विज्ञानाच्या तासाला शिक्षकांना हे पाण्याने भरलेल्या बादलीच्या साहाय्याने सहज दाखविता येईल.

वय, काम आणि घराणे

जपानमधील एका डोंगरी खेड्यात आरोग्य तपासणीच्या वेळी ६८३ ग्रामस्थांच्या दोन्ही खांद्यांची ध्वनिलहरींनी, म्हणजे सोनोग्राफीने तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या खांद्यांपैकी २०.७ टक्के खांद्यांत कंडरा पूर्ण फाटलेली होती. वाढते वय, पूर्वी झालेली दुखापत आणि कामाचा मुख्य हात या तीन गोष्टींशी तिचा संबंध स्पष्ट दिसला. विशेष म्हणजे ज्यांना कोणतीही तक्रार नव्हती अशांपैकीही सुमारे १७ टक्के खांद्यांत कंडरा फाटलेली होती. म्हणजे फाटलेली कंडरा आणि दुखणारा खांदा या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही.

ऑक्सफर्ड येथील २००४ च्या अभ्यासात रुग्णांच्या भावंडांमध्ये या विकाराची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. धूम्रपानाचाही संबंध आढळतो, कारण तंबाखूमुळे आधीच अल्प असलेला कंडरेचा रक्तपुरवठा आणखी घटतो. मधुमेहाच्या रुग्णांत खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते. थोडक्यात, हाडाची ठेवण, वय, आनुवंशिकता, व्यसन आणि श्रमाची पद्धत हे सर्व धागे एकाच दोरीत वळलेले आहेत. यांपैकी हाड, वय आणि घराणे बदलता येत नाही. व्यसन आणि श्रमाची पद्धत बदलता येते. लोकप्रतिनिधींच्या आणि शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

हाड तासल्याने काय साधते?

नीअर यांच्या विचारावर आधारलेली हाड तासण्याची शस्त्रक्रिया जगभर लक्षावधी रुग्णांवर झाली. तिची कसोटी घेण्यासाठी ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट करण्यात आले. एका गटाचे हाड तासले, दुसऱ्या गटात केवळ दुर्बीण घालून आत पाहिले पण हाडाला हात लावला नाही, आणि तिसऱ्या गटावर शस्त्रक्रियाच केली नाही. या रुग्णांच्या कंडरा पूर्ण फाटलेल्या नव्हत्या. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हाड तासलेले आणि न तासलेले या दोन गटांच्या आरामात कोणताही लक्षणीय फरक नव्हता. शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षाही त्यांचा लाभ नाममात्रच होता. त्याच वर्षी फिनलंडमधील अभ्यासानेही याच दिशेने कौल दिला. २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने अशा रुग्णांसाठी ही शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस केली.

कंडरा पूर्ण फाटली असेल तर ती शिवण्याचा प्रश्न वेगळा आहे. तेथेही सरसकट नियम नाही. अमेरिकेतील एका अभ्यासात, अपघाताविना हळूहळू फाटलेल्या कंडरेच्या रुग्णांना बारा आठवडे शिस्तबद्ध व्यायाम दिला असता दोन वर्षांत सुमारे तीनचतुर्थांश रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज वाटली नाही. याउलट पडल्यामुळे किंवा ओझ्याच्या हिसक्याने कंडरा एकाएकी तुटली असेल, तर विलंब घातक ठरतो. तुटलेला स्नायू आखडत जातो, त्यात चरबी साठते आणि काही महिन्यांनी तो शिवण्याजोगा राहत नाही. शस्त्रक्रियेनंतरही हात साधारणतः चार ते सहा आठवडे झोळीत ठेवावा लागतो आणि जड कामावर परतण्यास अनेक महिने लागतात. रोजंदारीवरील कुटुंबाने हा काळ हिशेबात धरूनच निर्णय घ्यावयास हवा.

कोणती लक्षणे ओळखावीत?

दंडाच्या बाहेरील बाजूस दुखणे, त्या कुशीवर झोपता न येणे, हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येणे, केस विंचरताना किंवा पाठीमागे हात नेताना त्रास होणे ही या विकाराची नेहमीची लक्षणे आहेत. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. क्ष-किरण चित्रात हाड दिसते, कंडरा दिसत नाही. कंडरेसाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते. पुढील तपासणीसाठी धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या शासकीय संस्थेच्या अस्थिरोग विभागाचा सल्ला घेता येतो.

पुढील परिस्थितीत मात्र थांबू नये. पडल्यानंतर किंवा ओझ्याच्या झटक्यानंतर हात एकाएकी वर जाईनासा झाला, खांद्याचा आकार बदलला, किंवा दुखण्याबरोबर ताप व सूज आली, तर त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर तो हृदयविकार असू शकतो. अशा रुग्णाला खांदा चोळत न बसता तत्काळ रुग्णालयात हलविणे आवश्यक आहे.

खर्चाविना होणारे उपचार

पहिले काही दिवस जड ओझे आणि डोक्यावर हात नेण्याचे काम टाळावे. परंतु हात पूर्णपणे बांधून ठेवू नये, अन्यथा सांधा आखडतो. कळ कमी झाल्यावर पुढे वाकून हात सैल सोडून झोक्याप्रमाणे हलविणे, भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढणे आणि दोन्ही फरे पाठीमागे जवळ आणून सोडणे, हे व्यायाम करता येतात. त्यानंतर कोपर अंगाला चिकटवून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बाहेरच्या दिशेने ताणण्याचा व्यायाम गवसणीच्या स्नायूंना बळ देतो. फिजिओथेरपिस्टने एकदा पद्धत दाखविली की हे घरीच नियमाने करावयाचे असतात. फळ दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात, आणि अनेक रुग्ण त्याआधीच कंटाळून ते सोडून देतात. घरच्यांनी व शेजाऱ्यांनी धीर देणे हाही उपचाराचाच भाग आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

ओझे उचलणाऱ्या श्रमिकांच्या संरक्षणाचा विचार महाराष्ट्राने पूर्वीच केला आहे. माथाडी, हमाल आणि अन्य श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा राज्याने १९६९ मध्ये संमत केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती. हे आकडे कागदावर न राहता गोदामाच्या दारापर्यंत पोहोचावेत यासाठी स्थानिक संस्थांना बरेच काही करता येईल.

बाजारात आणि गोदामात मालमोटारीच्या पातळीशी जुळणारा ओटा असेल तर पोते जमिनीवरून खांद्यापर्यंत उचलावे लागत नाही. थप्पी खांद्याच्या वर जाऊ न देणे, जड पोते दोघांनी उचलणे, ढकलगाडीचा वापर वाढविणे आणि एकाच माणसाला दिवसभर वरच्या थरावर न ठेवता कामाची आलटापालट करणे, या साध्या उपायांना फारसा खर्च नाही. शाळेतील फळा फार उंच असेल तर शिक्षकांच्या खांद्यावरही वर्षानुवर्षे ताण येतो. तो योग्य उंचीवर बसविणे हा सुधारणेचा सर्वांत सोपा आरंभ ठरेल. ग्रामसभेत आरोग्य विषयाची चर्चा होते तेव्हा पाण्याच्या व स्वच्छतेच्या जोडीने श्रमिकांच्या सांध्यांचाही विचार व्हावा. गावात नियमितपणे ओझी वाहणाऱ्यांची यादी करून वर्षातून एकदा त्यांचे खांदे, गुडघे व कंबर यांची तपासणी आरोग्य केंद्रामार्फत करून घेतल्यास दुखणे आरंभीच लक्षात येईल.

अंसकूट सपाट आहे, कमानदार आहे की आकडेदार, हे माणसाच्या हाती नाही. आणि अहवालातील त्या एका शब्दावरून कोणाचे भवितव्यही ठरत नाही. हाडाची ठेवण ही एक सूचना आहे. अशा खांद्याला थोडे अधिक जपावे, एवढाच तिचा अर्थ. कर्ज काढून हाड तासून घेण्यापूर्वी योग्य तपासणी, पुरेसा व्यायाम आणि कामाच्या पद्धतीत बदल या तीन पायऱ्या चढल्या गेल्या आहेत काय, हा प्रश्न रुग्णाने विचारावा, आणि तो विचारण्याचे बळ त्याला गावातील जाणत्यांनी द्यावे.